बंद घराचा नियम

रावसाहेब हे माझं नाव आहे, हुद्दा नाही. आईनं हौसेनं ठेवलं, एवढंच. नवीन माणूस नाव ऐकून खुर्ची पुढं करतो, मग आडनाव विचारतो. शिरसाट म्हटलं की त्याला एकदम दुसरं काम आठवतं. जन्मभर हेच बघत आलो, त्यामुळं माझी जीभ जरा तिखट झालीय. ज्याला सोसत नसेल त्यानं इथंच थांबावं.

गोष्ट सत्त्याऐंशी सालची. बेलापूरला पुनर्वसनाच्या ऑफिसात मी सर्व्हे क्लार्क होतो. नवी मुंबई वसत होती, म्हणजे कुणाची तरी जुनी घरं उठत होती. ज्याचं घर रस्त्याच्या आखणीत जाईल त्याला बदल्यात भूखंड मिळायचा. पण तो माणूस त्या घरात खरंच राहतो का, हे आधी ठरायला लागायचं. नाहीतर कुणीही उपटसुंभ यायचा, चार बांबू रोवायचा अन् 'हे माझं घर' म्हणायचा! खरा कोण, खोटा कोण, हे बघत मी पंधरा वर्षं सायकलवर हिंडलो. जुईनगरपासून उरणच्या मोरा बंदरापर्यंतची कुत्री मला ओळखायची.

तर त्या साली वरून हुकूम आला की आता हे काम कॉम्प्युटर करणार. पगारपत्रकं काढायचं काम नव्हे, निवाडा करायचं. त्यासाठी सुधीर नावाचा सव्वीस वर्षांचा इंजिनियर आला. पोरगा चांगला होता, हे आधीच सांगून ठेवतो.

"रावसाहेब, याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात," तो म्हणाला. "तुमच्यासारख्या जाणकाराला प्रश्न विचारायचे, तुमचे नियम काढून घ्यायचे आणि मशीनला द्यायचे. मग तुम्ही जो निर्णय द्याल तोच मशीन देणार. एका मिनिटात."

"म्हणजे माझं डोकं काढून डब्यात ठेवणार."

"तसंच समजा!"

"ठेवा बाबा. मी डिसेंबरात रिटायर होतोय. तेवढंच एक डोकं तरी नोकरीत राहील."

यासाठी एक समिती नेमली. आमचे दिघे साहेब, सुधीर, आणि मुंबईच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवणाऱ्या वैजयंती मॅडम. मी समितीत नव्हतो, मी जाणकार होतो. म्हणजे बसायला स्टूल. पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं, "ज्यांच्या घरांचा निर्णय होणार, त्यांच्यातलं कुणी का नाही इथं?"

"मॅडम, ही टेक्निकल मीटिंग आहे," दिघे साहेब म्हणाले.

"मग मला कशाला बोलावलंत?"

बाईंचं अन् माझं तिथंच जमलं.

मशीन एका थंडगार खोलीत होतं. आत धूळ चालत नाही म्हणून सगळ्यांनी चपला बाहेर काढायच्या. आयुष्यात कुठल्या देवळाची पायरी न चढलेला मी, त्या खोलीत मात्र तीन आठवडे रोज अनवाणी गेलो. सुधीर विचारायचा, मी सांगायचो, तो हिरव्या पडद्यावर टाइप करायचा. रेशनकार्ड असेल तर काय, नसेल तर काय. भाऊ वेगळे झाले अन् चूल एकच राहिली तर काय. मला मजा यायला लागली होती, खोटं कशाला बोलू. पंधरा वर्षांत एकानंही मला 'तुम्ही कसं ठरवता' असं विचारलं नव्हतं.

मग एका दुपारी त्यानं विचारलं, "घराला कुलूप असेल तर?"

आता इथं नीट ऐका, कारण सगळं पुढचं यातून झालं.

परिपत्रक सांगतं, तीन वेगवेगळ्या दिवशी जायचं. तिन्ही वेळा कुलूप दिसलं तर लिहायचं, 'बंद घर, रहिवास नाही'. संपलं. पण उरणकडची मिठागरावरची माणसं पौषात घराला कुलूप लावतात, बायकापोरांसकट मिठागरावरच्या खोपीत राहायला जातात, अन् वैशाख सरताना परत येतात. मीठ पिकतं तेव्हा रोज घरी ये-जा करून भागत नाही. जाताना घराची किल्ली शेजारणीकडं असते. शेजारीण रोज तिन्हीसांजेला कुलूप उघडते, आत दिवा लावते, पुन्हा कुलूप लावते. "घर आंधारान ठेवायचा नाय," एवढंच त्यांचं म्हणणं.

त्यामुळं माझी पद्धत वेगळी होती. कुलूप दिसलं की मी शेजारी विचारायचो, किल्ली कुणाकडं? एखादीनं किल्ली आणून दाखवली की सायकल मिठागराकडं वळवायची. तिथं माणसं भेटायची, नावं जुळायची, अन् मी फॉर्मवर लिहायचो, 'घर चालू, कुटुंब हजर'. समासात पेन्सिलीनं किल्ली कुणाकडं होती तेही. अशी दोनशे बारा घरं मी पंधरा वर्षांत लिहिली. हे कुठल्याच परिपत्रकात नव्हतं. माझ्या अक्कलहुशारीवर होतं. माझा बाप बीडकडून ऊसतोडीला जायचा, तेव्हा आमच्याही घराला सहा महिने कुलूप असायचं. गावच्या यादीत कुणीतरी लिहून टाकलं, 'गाव सोडून गेले'. ते खोडायला बापाचं एक वर्ष गेलं. मग मी कुलूप बघून घर मेलं असं कसं लिहिणार?

आणि तरी त्या दुपारी मी सुधीरला काय सांगितलं? "तीन वेळा कुलूप, म्हणजे बंद घर. रहिवास नाही."

मॅडमनी मान वर केली. "नेहमी? रावसाहेब, तुम्ही स्वतः कधी यापेक्षा वेगळं काही करत नाही?"

"मी नियमाबाहेर एक अक्षर लिहीत नाही," मी ताडकन म्हणालो.

का बोललो असं? दिघे साहेब शेजारी बसले होते म्हणून. आणि माझ्यासारख्याची नोकरी नियमावरच उभी असते. दुसऱ्यानं नियम वाकवला तर तो व्यवहारी. मी वाकवला तर 'बघा, शेवटी यांना जमत नाहीच'. पंधरा वर्षं मी दोन डोकी वापरली होती, एक गावासाठी अन् एक ऑफिससाठी. मशीनला मी ऑफिसचं दिलं. घाबरलो होतो, दुसरं काही नाही. शहाणपणा त्यात नव्हता आणि चांगुलपणा तर मुळीच नव्हता.

कुणाच्या लक्षातही आलं नाही. सुधीरनं जुने सहाशे फॉर्म मशीनला घालून बघितले. शंभरात शहाण्णव निकाल माझ्याशी जुळले. जुळणारच की! जुन्या फॉर्मवर त्या दोनशे बारा घरांपुढं मीच 'चालू' लिहून ठेवलं होतं. मशीनला तिथं कुलूप दिसलंच नाही. दिघे साहेबांनी पेढे वाटले. मीही खाल्ला.

मार्चात नवा सर्व्हे झाला. या खेपेला मी नव्हतो, रोजंदारीवरचे पदवीधर होते. डोंगरखार गावातून नवा रस्ता जाणार होता. ते तीनदा गेले, कुलपं मोजली, फॉर्म भरले. मेच्या पहिल्या आठवड्यात मशीननं यादी छापली. त्यात मिठागरावरची एक्केचाळीस घरं होती अन् एक्केचाळीस घरांपुढं एकच शब्द होता, 'अपात्र'.

दुसऱ्या दिवशी जाईबाई घरत माझ्या टेबलापुढं उभी राहिली. साठीची बाई, मिठानं पायांना चरे पडलेले. पंच्याहत्तर साली तिच्या खोपीत बसून मी तिचा फॉर्म भरला होता. त्या खेपेला या एक्केचाळीसही घरांचे फॉर्म मीच भरले, पण ती आखणीबाहेर राहिली; आता नवा रस्ता थेट त्यांच्यावरून आला. तिच्या बोलीत अहोजाहो नाही. कलेक्टर आला तरी 'तू'.

"रावसायब, या कागदान काय लिवलाय, वाच."

"अपात्र."

"म्हंजे?"

"म्हणजे तुम्ही त्या घरात राहत नाही असं ठरलंय."

"मी ऱ्हात नाय? मंग कोन ऱ्हातो, भूत?" ती टेबलावर वाकली. "घर पारतील ना माजा?"

"पाडतील."

"नि जागा?"

"अपात्र माणसाला जागा मिळत नाही."

"तू मना वलखतस ना?"

"ओळखतो."

"मंग सांग ना त्याला. सांग, मी वलखतो हिला!"

मला तिच्याकडं बघवेना. सुनावणी पंधरा दिवसांवर होती. तिथं या, एवढंच मी म्हणालो. ती गेली अन् मी तडक दिघे साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. सगळं सांगितलं. किल्ल्या, खोप्या, दोनशे बारा घरं, अन् मी मशीनला काय सांगितलं तेही.

साहेबांनी आधी दार लावून घेतलं. मग अगदी गोड आवाजात म्हणाले, "रावसाहेब, मशीनला जात नाही, नातं नाही, दयामाया नाही. सगळ्यांना एकच नियम. तुमच्या लोकांना तरी हे आवडायला हवं."

'तुमच्या लोकांना!' माझी कानशिलं तापली.

"नियम चुकीचा आहे, साहेब."

"नियम तुमचाच आहे. आणि हे लेखी द्याल, तर तुमच्या जुन्या दोनशे बारा नोंदी खोट्या ठरतात. त्या सगळ्या उघडाव्या लागतील. लोकांनी तिथं घरं बांधलीत, पोरांची लग्नं केलीत. त्यांचे भूखंड काढून घ्यायचे? तुमची पेन्शन तर राहूच द्या."

साहेबांनी असा गळ टाकला होता की बोललो तर दोनशे बारा बुडतात, गप्प बसलो तर एक्केचाळीस.

घरी जेवताना बायकोला सांगितलं. सुंदरा कमी बोलते, पण बोलली की टाके घालावे लागतात. तिनं भाकरी माझ्या ताटात टाकली अन् म्हणाली, "अहो, नोंदी खोट्या होत्या का?"

"नाही. माणसं तिथंच राहत होती."

"मग खोटं काय होतं?"

"मी मशीनला बोललो ते."

"मग तेवढंच सांगा की! आठ महिन्यांच्या नोकरीपायी पंधरा वर्षांचं शेण करू नका."

इतकं सरळ होतं ते. अन् मी पंधरा वर्षांचा जाणकार!

सुनावणी ऑफिसच्या सभागृहात झाली. समोर टेबलावर समिती, बाजूला मशीनचा पडदा अन् छापायचं यंत्र आणून ठेवलेलं. गावाला दाखवायचं होतं ना, की बघा, कुणी पक्षपात करत नाही. एक्केचाळीस घरची माणसं खाली सतरंजीवर बसली होती. पहिलं नाव जाईबाईचं. सुधीर विचारणार, ती उत्तर देणार, मशीन निकाल देणार.

"मार्चच्या चार, अकरा अन् वीस तारखेला घराला कुलूप होतं का?"

"व्हता. मी मिठागरावं व्हती. किल्ली गिरजाबायकरं—"

"फक्त हो किंवा नाही सांगा, आजी."

"हो."

यंत्र खरखरलं, कागद बाहेर आला. दिघे साहेबांनी वाचला, "अपात्र."

जाईबाई जागची हलली नाही. तिनं पडद्याकडं बोट केलं. "याला कोनी शिकवला?"

"मशीन आहे ते, बाई. पुढचं नाव घ्या."

"मशीन हाय ता दिसतंय मना. त्याच्या पोटान ह्या कोनी घातला? कोन बोलला की मिठागरावं गेलेला मानूस घरान ऱ्हात नाय? त्याचा नाव सांगा. मना त्याच्याशी बोलायचा हाय, डब्याशी नाय."

सुधीर खाली बघत होता. मी स्टुलावरून उठलो.

"मी शिकवलं," मी म्हणालो.

ती वळली. मला वाटलं होतं ती रडेल किंवा हात जोडेल. कसलं काय! "तू?" ती ओरडली. "तुला खोपीन बसवून च्या पाजला! माज्या मालकान तुजी सायकल बांदावरशी उचलून आनली! नि तू? तुज्या जिभंला काय किरं परलं व्हतं?"

"हो, किडेच. भीतीचे," मी म्हणालो. मग समितीकडं तोंड केलं अन् ऑफिसात कधी लावला नव्हता तेवढा आवाज लावला. "लिहून घ्या, साहेब. या ऑफिसात मी लिहिलेली प्रत्येक नोंद खरी आहे. दोनशे बाराच्या दोनशे बारा. त्या घरांची किल्ली मी डोळ्यांनी बघितली, त्या माणसांना मिठागरावर जाऊन भेटलो. खोटं मी एकदाच बोललो, त्या थंड खोलीत, मशीनशी. तुम्ही शेजारी बसला होता म्हणून बोललो. जे करत होतो ते सांगितलं नाही, परिपत्रक म्हणून दाखवलं. तेव्हा या मशीनमध्ये माझं डोकं नाही, माझी भीती आहे. तिच्यावर कुणाचं घर पाडता येणार नाही."

"खाली बसा, शिरसाट!" दिघे साहेब कडाडले. रावसाहेबचं शिरसाट व्हायला एवढाच वेळ लागतो.

"बसत नाही."

मॅडम म्हणाल्या, "मला शंका होतीच. दोनशे बारा फॉर्मवर शेजारणीकडच्या किल्लीचा उल्लेख आहे, समासात, पेन्सिलीनं. मशीनला समास वाचता येत नाही. मी वाचला, पण ठामपणे बोलले नाही. ती चूक माझी." मग त्या सुधीरकडं वळल्या. "सांगा, हे निकाल तुमच्या शास्त्रात टिकतात?"

सुधीरचे कान लाल झाले होते. "नाही टिकत. मी जुन्या फॉर्मवर तपासलं, त्यात कुलूपच नव्हतं. पण सर, एक नवा प्रश्न घालतो. 'मिठागरावर होता का, हो किंवा नाही.' एका दिवसाचं काम आहे."

दिघे साहेबांना ते पटलं. सुटका दिसली त्यांना. पण जाईबाई पुढं सरसावली.

"नि जो मोऱ्यावरशी बोटीवं गेला, त्याचा? जी लेकीच्या बालंतपनाला गेली, तिचा? दर खेपंला आमी पयला घर गमवायचा नि मंग तू एक प्रश्न घालनार? मानूस पाठव माज्या दारान. त्याला पाय आसूं दे नि तोंड आसूं दे. त्याना नाय म्हनला तर मी त्याच्याशी भांडन. याच्याशी भांडूं कशी?"

तिच्या मागं सतरंजीवरची सगळी माणसं उभी राहिली. सुधीरनं हळूच यंत्राचं बटण बंद केलं. साहेबांनी डोळे वटारले तरी त्यानं ते परत चालू केलं नाही.

मला त्याच संध्याकाळी निलंबनाचा कागद मिळाला. एक्केचाळीस निकाल थांबवले, पण रद्द केले नाहीत. साहेब पक्के होते. आधी माझी खातेनिहाय चौकशी व्हायची. मी कुलपं बघून 'चालू' लिहिलं हे गैरवर्तन ठरलं, की मिठागरवाल्यांची जुनी नोंदही गेली अन् नवा दावाही गेला. म्हणजे माझ्या मानेवरून सुरी फिरवून त्यांची घरं कापायची.

चौकशी ऑक्टोबरात लागली. बाहेरगावचे अधिकारी आले होते. साक्षीला जाईबाईलाच बोलावलं, अन् तेही ऑफिसच्या बाजूनं. अधिकाऱ्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मला कळलं काय चाललंय ते.

"आजी, पंच्याहत्तर साली हे आले तेव्हा तुमच्या घराला कुलूप होतं?"

"व्हता."

"तरी यांनी घर चालू आहे असं लिहिलं. नियमाप्रमाणं ती चूक झाली. तुम्ही तेवढं मान्य करा. मग तुमच्या भूखंडाचा आम्ही वेगळा विचार करू. तुमच्या एकटीचा."

खोलीत टाइपरायटर थांबला. तिला घर हवं होतं. बाई साठ वर्षांची होती, अन् मी तिचा कुणी लागत नव्हतो. उलट तिच्या घरावर नांगर फिरवायची सुरुवात मीच केली होती. तिनं हो म्हटलं असतं तरी मी तिला दोष दिला नसता.

जाईबाईनं पाण्याचा पेला टेबलावर ठेवला.

"याना चूक केली," ती म्हणाली. "याच सालान केली. डब्याम्होरं घाबारला. मी त्याला समद्यांम्होरं शिव्या दिल्या, आजून देईन. पन पंच्याहत्तर सालान याना चूक नाय केली. तवा तो माज्या खोपीवं चालत आलेला. तुमच्यातला दुसरा कोन आला, नाव सांग."

अधिकारी टायपिस्टला म्हणाले, "हे साक्षीत घेऊ नका."

"घे," जाईबाई टायपिस्टला म्हणाली. "जसा बोलली तसा घे. माजा आंगठा त्याच्याच खाली परंल, दुसऱ्या कुठं नाय."

टायपिस्टनं एकदा अधिकाऱ्यांकडं बघितलं, एकदा तिच्याकडं, अन् टाइप केलं. तिनं अंगठा उठवला, पदराला पुसला आणि दार उघडलं. बाहेर व्हरांड्यात उरलेल्या चाळीस घरची माणसं उभी होती. एकेक आत येत गेला, अन् प्रत्येकानं तेच वाक्य टाइप करून मागितलं, 'पंच्याहत्तर सालान याना चूक नाय केली.'